घशाचे किरणोपचार आणि घरचें ताट

घशाच्या कर्करोगाचें नांव आमच्या जयगडाकडील घरांतून अजून हळू आवाजांत घेतलें जातें. रोग्यास उपचाराच्या काळांत काय सोसावें लागेल व घरच्यांनीं काय करावें, हें मात्र कोणीच नीट सांगत नाहीं. म्हणून या खेपेस त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. कोंकणांतील कित्येक रोगी आजही तेथेंच धांव घेतात. घशाचे किरणोपचार सामान्यतः आठवड्यांतून पांच दिवस, याप्रमाणें सहा ते सात आठवडे चालतात. अर्थात् मुंबईंत बिऱ्हाड करणें आलें. तेथें ज्यांचें कोणी नाहीं त्यांस परळची नाना पालकर स्मृति समिति व दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा यांचा मोठा आधार आहे.

किरण घेतांना दुखत नाहीं. त्यामुळें पहिले पंधरा दिवस सारें सुरळीत आहे असें वाटतें. पुढें तोंड व घसा आंतून सोलवटतो, लाळ चिकट होऊन मग आटते, चव जाते, आवाज बसतो, मानेची कातडी काळवंडते. रोगी ताट दूर सारतो, आणि खरा धोका येथेंच आहे. खाणें सुटलें कीं शक्ति जाते; शक्ति गेली कीं उपचारांत खंड पडतो; आणि खंड पडला कीं रोगास पुन्हां डोकें वर काढण्यास अवसर मिळतो.

यास्तव मऊभात व साजूक तूप, मुगाचें कढण, नाचणीचें सत्त्व, साबुदाण्याची खीर, दूध, असें कोमट व मऊ अन्न थोडें थोडें, दर दोन तासांनीं द्यावें. तिखट, आंबट व कुरकुरीत वर्ज्य. आमची लाडकी सोलकढीही त्यांत आली. लिटरभर पाण्यांत एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसांतून अनेकदां गुळण्या कराव्या. डॉक्टरांनीं नाकांतून नळी सुचविली, तर ती शेवटची घटका समजूं नये. ती कांहीं आठवड्यांची सोय आहे. दांत मात्र उपचारापूर्वींच तपासून घ्यावे. मागाहून दांत काढल्यास जबड्याची जखम भरून येणें कठीण होतें.

आतां एक नाजूक गोष्ट. घरांत आजार आला कीं देवास सांकडें घालून एकादशी-सोमवार अधिकच कडक धरणारीं माणसें थोडीं नाहींत. घरच्यांनीं आपले उपवास खुशाल करावे. रोग्यानें करूं नयेत. औषधानें व्रतभंग होत नाहीं असें धर्मशास्त्रच सांगतें, आणि या सात आठवड्यांत अन्न हेंच औषध होय. दुसरी गोष्ट जेवणोत्तर सुपारीची. तंबाखूस नांवें ठेवणारीं आमचीं घरें तिला निरुपद्रवी मानतात. परंतु तीही कर्करोगास कारण होते. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ सालीं तोंडाच्या कर्करोगासाठीं शस्त्रक्रिया झाली. सुपारीचे धोके पूर्वींच कोणी सांगावयास हवे होते, अशी खंत त्यांनीं जाहीरपणें व्यक्त केली आहे.

उपचार संपतांच आराम पडेल अशी अपेक्षा धरूं नये. शेवटच्या दिवसानंतरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, मग हळूहळू ओसरतो. चव परतण्यास महिने लागतात. तोंडाची कोरड कित्येकांस पुष्कळ काळ सोबत करते. तोंवर उशाशीं पाण्याचें भांडें असावें. आवाज बसलेल्या माणसाजवळ पाटी-पेन्सिलही ठेवावी. आणि तिच्यावर लिहिलेलें वाचून उत्तर देण्यास घरांतील एकास तरी सवड असावी.