हिरवे दिसते, पण आत काय आहे?

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले आहे. २०१९ मध्ये ते ३२० होते. अशा वाढीची बातमी होते, पण त्याच तक्त्यातील पुढचे रकाने सहसा कुणी वाचत नाही. ७० टक्क्यांहून अधिक छत्र असलेले ‘अतिघन’ कांदळवन आपल्याकडे शून्य आहे आणि जवळपास तीन-चतुर्थांश क्षेत्र ‘विरळ’ या वर्गात मोडते.

उपग्रहाला पानांचे छत्र दिसते. त्याखाली तिवर आहे, कांदळ आहे की चिप्पी, हे कळायला चिखलातच उतरावे लागते. ओहोटीच्या वेळी पाण्यापासून जमिनीकडे सरळ पट्टा आखायचा, त्यावर ठरावीक अंतराने दहा बाय दहा मीटरचे चौकोन घ्यायचे आणि प्रत्येकातील झाडांची जात, घेर, उंची नोंदवायची. घेर एरवी छातीच्या उंचीवर मोजतात. कांदळाची आधारमुळे मात्र खोडाच्या बऱ्याच वरून निघतात, म्हणून तिथे मुळांच्या वरचा भाग धरावा लागतो. सोबत चिखलाची आणि पाण्याची क्षारता. सर्वांत बोलका आकडा रोपांचा. मोठी झाडे भरपूर आणि खाली रोप एकही नाही, असे वन आज कितीही हिरवे दिसले तरी म्हातारे होत चालले आहे.

नुसती जातींची संख्याही फसवते. एका खाडीत पाच जाती आहेत, पण शंभरातली ९६ झाडे तिवराची. दुसरीत त्याच पाच जाती प्रत्येकी वीस. यादी दोन्हीकडे सारखीच, वने मात्र वेगळी. हा फरक पकडण्यासाठी विविधता निर्देशांक वापरतात. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत तिवराचेच राज्य आहे. खारेपणा आणि सांडपाणी दोन्ही सोसणारे ते चिवट झाड. पण एकाच जातीवर विसंबलेल्या वनाचे काय होते, ते पावसाळा सरताना दिसते. सागावरच्याच पतंगाच्या अळ्या तिवराची पाने फस्त करतात आणि पट्टेच्या पट्टे तपकिरी होतात. ही झाडे बहुधा पुन्हा पालवतात. (तरी दरवर्षी ‘कुणी विष घातले का’ अशी शंका निघतेच.) भरतीचे पाणी भरावाने अडले असेल तर मात्र गोष्ट निराळी. साचलेल्या पाण्यात श्वसनमुळे बुडून राहतात आणि झाड गुदमरते. दोन्हीकडे वरून दिसतो तो तपकिरी रंगच.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीला चाप लावला, २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. ही कमाई मोठी आहे. आता प्रश्न भरपाईच्या हिशेबाचा आहे. रस्त्यापुलांसाठी झाडे जातात आणि बदल्यात ‘इतकी रोपे लावली’ असा आकडा येतो. कोणत्या जातीची, कुठे, तीन वर्षांनी किती जगली, हे त्यात नसते. उघड्या चिखलपट्टीत रोपे लावली तर रोहित पक्ष्यांची आणि इतर पाणपक्ष्यांची चरण्याची जागाच जाते. ती पट्टी पडीक नसते.

म्हणून तोडीची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला आधी त्या जागेची जातवार पाहणी सक्तीची हवी. प्रत्येक मोठ्या खाडीत कायमचे चौकोन आखून दर दोन-तीन वर्षांनी तेच पुन्हा मोजावेत आणि आकडे मराठीत सर्वांसमोर ठेवावेत. आपल्या खाडीत जिताडा, खेकडा का घटला, याचे उत्तर शोधणाऱ्या कोळी-भोई मंडळींना ते सर्वांत आधी हवे आहेत. मोजणीतही त्यांना घ्यावे, कारण भरतीची वेळ आणि चिखलाची वाट त्यांना ठाऊक असते. सुरुवात ठाणे खाडीपासून करता येईल. २०२२ पासून ते रामसर स्थळ आहे, आणि कांदळवन कक्षाचे ऐरोलीचे केंद्र तिच्याच काठावर आहे.