गुन्हा रक्तात नसतो, वस्तीच्या रचनेतही शोधा!

१८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी या देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. आजही गुन्हा घडला की संशयाचे बोट आधी गरिबांच्या वस्तीकडे वळते.

या मनोवृत्तीला अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस कुओ यांचे संशोधन चोख उत्तर देते. परिसराचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हाच इलिनॉय विद्यापीठातील त्यांच्या अभ्यासाचा विषय. विल्यम सुलिवन यांच्यासह त्यांनी शिकागोतील एका सरकारी वसाहतीतील ९८ इमारतींच्या पोलीस नोंदी तपासल्या. गुलामीत जन्मून झुंडबळींविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या आयडा बी. वेल्स यांचे नाव त्या वसाहतीला होते. रहिवासी गरीब, कृष्णवर्णीय. कोणती इमारत मिळेल हे त्यांच्या हाती फारसे नव्हते. म्हणजे समाज तोच, गरिबी तीच. फरक होता तो अंगणाचा! २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उजाड इमारतींच्या तुलनेत भरपूर हिरवाई असलेल्या इमारतींत ५२ टक्के कमी गुन्हे.

असे का व्हावे? कुओ यांच्या मते, सावलीत माणसे बाहेर बसतात, एकमेकांना ओळखतात, वस्तीवर नजर राहते. थकलेले मन शांत होते, चिडचिड कमी होते. अट एकच : दाट झुडपांची आडोशाची जागा नको, मोकळे गवत आणि उंच झाडे हवीत.

आता खारघरकडे पाहा. शेतकऱ्यांच्या जमिनीवर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे नगर आखले. सेंट्रल पार्क झाले, गोल्फ कोर्सही झाले. परंतु नियोजनाची परीक्षा गोल्फच्या हिरवळीवर होत नाही. ती होते अल्प उत्पन्न गटाच्या इमारतीखाली आणि मूळ गावठाणाच्या गल्लीत. तिथे झाडे किती, दिवे किती, बसायला जागा किती?

गावकुसाने आपली जागा शतकानुशतके ठरवली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याच्या खोट्या गौरवाचा समाचार घेतला. शहरात नवे गावकूस उभे राहत असेल, तर गप्प कसे बसायचे? सिडको आणि पनवेल महानगरपालिकेने वस्तीनिहाय झाडे, दिवे आणि मोकळ्या जागांचा हिशेब जाहीर करावा. कार्यकर्त्यांनो, तो मागा! पोलीस चौकी मागण्याआधी सावली मागा. संशय नको, सन्मानाने जगण्याजोगा परिसर हवा.