जोडणी एक, आकारणी अनेक

हॉटेलातील खोलीच्या दिव्याखाली किती जणांनी वाचावे, याची मोजदाद होत नाही. इंटरनेटची आकारणी मात्र काही ठिकाणी यंत्रागणिक होते. खिशात मावणारा प्रवासी राउटर एकच जोडणी घेऊन ती साऱ्या कुटुंबास वाटून देतो. ही लबाडी म्हणावी काय? वेगाला मर्यादा घालण्याचा हक्क हॉटेलास आहेच; फोन मोजण्याचे प्रयोजन काय? मक्तेदारीची हाव तर याहून पुढे जाते. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मॅरियट हॉटेलाने अधिवेशनास आलेल्यांच्या स्वतःच्या वायफाय जोडण्या तोडल्या आणि आपली सेवा यंत्रामागे १,००० डॉलरपर्यंत दराने विकली. सबब सांगितली सुरक्षिततेची! २०१४ साली तेथील दळणवळण आयोगाने कंपनीस ६ लाख डॉलर दंड भरावयास लावला. अशा अडवणुकीस मुभा मागणारा हॉटेलव्यावसायिकांचा अर्जही २०१५ साली मागे घेतला गेला.