'झिंगाट'वर नाचलो, पण शेवटची शांतता ऐकली का?

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. कोल्हापुरात त्यानंतर 'झिंगाट'शिवाय वरात हलली नाही, मिरवणूक सरली नाही. आम्हीही नाचलो. पण आपल्यातलेच काही मित्र तेव्हा म्हणाले आणि अजूनही म्हणतात, "फँड्रीत भिंतीवर बाबासाहेब होते. सैराटमध्ये नागराज मंजुळे नुसत्या लव्हस्टोरीवर आले. धंदा केला!"

आम्हाला हे साफ अमान्य आहे.

जेऊरच्या वडार वस्तीतून आलेल्या या माणसाचे सिनेमे ओळीने बघा. 'पिस्तुल्या'तल्या पोराला शाळा मिळत नाही. 'फँड्री'तल्या जब्याला प्रेम व्यक्त करायचीही सोय नाही, त्याच्या वाट्याला डुकरं धरणं येतं. 'सैराट'च्या परश्याला प्रेम मिळतं, लग्न होतं, लेकरू होतं, आणि तरीही सुरा घरापर्यंत येतो. मग यात लव्हस्टोरी 'नुसती' कुठे राहिली?

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी मांडलं की जातीतच लग्न करण्याची सक्ती हाच जातीचा प्राण आहे. बरोबर शंभर वर्षांनी तीच गोष्ट पडद्यावर आली. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, तोवर घरात कुणाची हरकत नाही. तिने जोडीदार निवडला की पाटलाची इज्जत जाते. यापेक्षा सोप्या भाषेत जात कुणी समजावली आहे? २०१८ च्या 'धडक'ने गाणं उचललं, प्रेम उचललं, गोष्ट उदयपूरला नेली आणि जात मात्र जाता जाता कुजबुजली. फरक तिथेच कळतो.

आणि हे दूरच्या गावाचं नाही. 'सैराट' येण्याच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, कसबा बावड्यात आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याचा मुलीच्या भावांनी खून केला. त्याच बावड्यात शाहू महाराजांचा जन्म झाला, ज्यांनी आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला!

आता बोट स्वतःकडे वळवू. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर पोटजातीचा रकाना कशाला हवा? बौद्ध घरात मातंग सून, चर्मकार जावई म्हटलं की आपल्याही कपाळाला आठ्या का पडतात? पाटलाला शिव्या घालणं सोपं आहे. स्वतःच्या घरातला पाटील ओळखणं अवघड.

२७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलं, सुरक्षित निवाऱ्याचाही विचार करायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात कक्ष कुठे आहे, निवारा कुठे आहे, फोन कोण उचलतं, हे जाऊन विचारू. रजिस्टर ऑफिसात साक्षीदार म्हणून उभं राहू. पळून आलेल्या पोरांना रात्री दार उघडू.

त्या लेकराची रक्ताळलेली पावलं आवाजाविना दाराबाहेर जातात. ती आपल्या दाराशी आली आहेत. नाचून झालं असेल तर आता कामाला लागू.

जय भीम! जय शाहू!