विझलेल्या लाल दिव्याची जबाबदारी कुणाची?

रायपूरच्या समता कॉलोनीपासून माना येथील विमानतळ काही कोसांवर आहे. अशा शहरात उंच मनोऱ्याच्या टोकावरचा लाल दिवा ही शोभेची वस्तू नव्हे.

आम्हा रेल्वे कामगारांना सिग्नलचा धडा पाठ आहे : दिवा विझला, तर सर्वांत कडक इशारा समजायचा. तेथे अंधारही बोलतो. आकाशात तसे नाही. रात्री विझलेला मनोरा वैमानिकाला दिसतच नाही. म्हणून दिवा नुसता लावून भागत नाही. तो रोज पाहावा लागतो.

भारतात २०१५ च्या नियमांनुसार विमानतळाभोवतीच्या बांधकामाच्या उंचीसाठी परवानगी लागते. परंतु परवानगीचा कागद दिवा तेवत ठेवत नाही. अमेरिकेत मनोऱ्याच्या मालकाने २४ तासांत एकदा तरी दिवे पाहावेत किंवा बिघाड कळवणारे यंत्र बसवावे, आणि टोकाचा दिवा ३० मिनिटांत सुरू न झाल्यास विमान वाहतूक प्रशासनाला ताबडतोब कळवावे, असा नियम आहे.

आणि वर चढतो कोण? बहुधा कंत्राटी कामगार. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक मनोऱ्यासाठी एक जबाबदार माणूस, रोजची नोंदवही, सुटे दिवे, चढणाऱ्याला सेफ्टी बेल्ट आणि खाली एक जोडीदार. विमानातील प्रवाशाची सुरक्षा कामगाराच्या जिवावर उभी राहता कामा नये.

बंधू-भगिनींनो, रात्रपाळीहून परतताना विझलेला दिवा दिसला, तर विमानतळाला कळवा. लाल दिव्याची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक?