मिळालेला तास कामाला जुंपू नका

ज्यांच्या लेकी-जावई, मुलं-सुना परदेशात आहेत, त्यांना आधी एक सूचना. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. आपल्या यवतमाळच्या घड्याळाला कोणी हात लावत नाही. तरी त्या आठवड्यात पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या घराघरांत फोनची वेळ हुकते. साडेआठला जेवणं उरकून आई फोन मांडीवर घेऊन बसते आणि तिकडून काहीच हालचाल नाही. पावणेनऊ होतात, नऊ होतात. "काय झालं असंल बापा पोराले?" झालेलं काहीच नसतं. पोरगा अजून पांघरुणात असतो.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे 11, कॅलिफोर्नियात सकाळचे 8, लंडनला दुपारचे 4 आणि जर्मनीत संध्याकाळचे 5. घड्याळं मागे गेली की तेच 10, 7, 3 आणि 4 होतात. कॅलिफोर्नियातला मुलगा नेहमीसारखा आठ वाजता फोन लावेल, तेव्हा इकडे साडेनऊ झालेले असतील. मुलगी लंडनला आणि मुलगा न्यू जर्सीत असेल तर आणखी गंमत. दोघांच्या घड्याळांत एरवी पाच तासांचं अंतर असतं, मधल्या त्या एका आठवड्यात ते चारच तासांचं होतं. दुबई आणि सिंगापूरला असा बदलच नाही. सिडनी-मेलबर्नला सगळं उलटं: तिथे घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि एप्रिलमध्ये मागे येतात. नवी वेळ मुलांनाच विचारून घ्या, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फोन ठेवता तिथे चिकटवा. झोपेची वेळ मोडत असेल तर तसं स्पष्ट सांगा. मुलं वेळ बदलतील. त्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

घड्याळं मागे जातात त्या रविवारी मुलांचा दिवस 25 तासांचा असतो. अमेरिकेत आणि लंडनला मध्यरात्रीनंतर घड्याळात दोन वाजायला आले की पुन्हा एक वाजतो. वर्षभर गाडी, ऑफिस, पाळणाघर अशी धावपळ करणाऱ्यांच्या हाती एक तास लागतो. त्यात त्यांना झोपायचं असेल तर झोपू द्या. फोन उशिरा आला म्हणून रुसू नका, आणि "एवढा वेळ मिळाला तर पासपोर्टचं काम का नाही केलं?" असंही विचारू नका. घरात तान्हं मूल असेल तर त्यांना हा तास बहुधा मिळतच नाही. मुलाला घड्याळ कळत नाही. काल सहाला उठणारा नातू आज पाचलाच उठून बसतो. अशा वेळी सुनेला "आराम झाला ना?" असं विचारण्यापेक्षा मुलाला म्हणा, आज सकाळी बाळाला तू सांभाळ.

अजून एक गोष्ट मुलांना जरूर विचारा: आज बाहेर पडलास का? घड्याळ मागे गेलं की तिकडे अंधार लवकर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लंडनला साडेचारच्या सुमारास आणि न्यूयॉर्कला पाचच्या आत सूर्य मावळतो. माणूस ऑफिसातून बाहेर येतो तो रात्रीतच. म्हणून मिळालेला तास दिवसाउजेडी, पायी फिरण्यात गेला तर सर्वांत चांगला.

आता खरं सांगायचं तर तो तास काही बक्षीस नाही. मार्चमध्ये कापून घेतलेलाच तास शरदात परत मिळतो. आपल्याकडेही हे झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून सरकारने सगळ्या हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे केली. तीन वर्षं तसंच चाललं. त्या काळात यवतमाळात सूर्य माथ्यावर यायचा तेव्हा घड्याळात सव्वा वाजलेला असे. युद्ध संपल्यावर, 15 ऑक्टोबर 1945 ला, ऐन दसरा-दिवाळीच्या दिवसांत तो तास परत आला. आज मात्र आपल्याकडे घड्याळं कोणी हलवत नाही.

गरजही नाही. लंडनला उन्हाळ्याचा दिवस साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्याचा जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे जूनमधला मोठा दिवस आणि डिसेंबरमधला लहान दिवस यांत फरक अडीच तासांच्या आतबाहेरचा. त्यासाठी घड्याळ फिरवून काय वाचणार?

पण आपल्या गावांनी वर्षातून महिनाभर एक तास काढलेला आहे, तोही सरकारला न विचारता. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा काकडा. पहाटे, अंधार असतानाच माणसं उठून देवळात जातात, टाळ वाजतो, आरती होते आणि उजाडायच्या सुमारास सगळे घरी परततात. ज्यांची देवावर फारशी श्रद्धा नाही त्यांनीही याकडे नीट पाहावं. त्या वेळात कोणी भांडी घासत नाही, कोणी हिशेब मांडत नाही, कोणी कोणाला "जरा एवढं करून दे" म्हणत नाही. कारण ती वेळ कशासाठी आहे हे गावाला ठाऊक असतं. एकट्याने काढलेला तास टिकत नाही. घरातलं कोणीतरी काम घेऊन येतंच. चार माणसांनी मिळून ठरवलेला तास टिकतो.

म्हणून माझं सांगणं असं: या कार्तिकात प्रत्येक घराने आठवड्यातून एक तास ठरवून मोकळा काढावा, आणि पहिला तास घरच्या बाईला द्यावा.

बाईलाच का? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी 88 मिनिटं. फरक तीन तासांहून जास्त, आणि तो रोजचा. त्यातून आठवड्याला एक तास मागितला तर फार झालं असं कोणी म्हणू नये.

आपल्या जिल्ह्यात सध्या कापसाची वेचणी आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाईने शेतात तासभर हात थांबवला तर तेवढे पैसे गेले. तेव्हा तिचा तास शेतातून निघणार नाही, घरातूनच निघाला पाहिजे. ती संध्याकाळी ओटी सोडून पाटी खाली ठेवते, तेव्हा चूल कोणीतरी आधीच पेटवलेली असावी. रविवारी रात्री खिचडी लावायला पुरुषाला काय अडचण आहे? डाळ-तांदूळ धुवायचे, हळद-मीठ टाकायचं, कुकर लावायचा. भांडीही त्यानेच घासायची. नाहीतर तिचा तास नुसता पुढे ढकलला जातो.

रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याचा तास वेगळा. हरभऱ्याला पाणी द्यायला जो रात्रभर बांधावर जागला, त्याला दुपारी झोपू द्या. तेवढा वेळ टीव्हीचा आवाज कमी ठेवा, दारी आलेल्याला सांगा, "संध्याकाळी या." आणि शिकणाऱ्या पोरांच्या मोकळ्या तासात जादा शिकवणी घुसवू नका. शाळा, ट्यूशन आणि रविवारची टेस्ट यांतून त्यांच्याकडे उरतं तरी काय?

तासाचं करायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी एवढंच सांगेन की काय करू नये. कपाट आवरू नये. राहिलेली बिलं भरू नयेत. मोबाइल हातात घेऊ नये, कारण त्यात तास कुठे गेला ते कळतही नाही. सुचत नसेल तर एक साधा उपाय आहे. या दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. सकाळचं ऊन अंगणात आलं की चार संत्री घेऊन बसा. साल एका बाजूला, बिया दुसऱ्या बाजूला, फोड तोंडात. शेजारच्या काकूला हाक मारा. बोलायला विषय नसेल तरी चालतं.

आणि परदेशातल्या मुलांनाही हे कळवा. पुढच्या फोनवर "तुझा तास कसा गेला?" असं तुम्ही विचाराल, तेव्हा तेही तुम्हाला तेच विचारतील. त्यांना सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असू द्या. रविवार ठरवा, वेळ ठरवा, घरात सर्वांसमोर बोलून दाखवा आणि निदान कार्तिक संपेपर्यंत मोडू नका. त्या वेळी काम घेऊन कोणी आलाच, तर त्याला सरळ सांगा: "एक घंट्याने या राजेहो, आत्ता आमचा घंटा चालू आहे."