बजबजचा धक्का आणि मिडलोथियनचे मैदान

२९ सप्टेंबर हा बजबजच्या गोळीबाराचा स्मृतिदिन. कलकत्त्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या काठी वसलेल्या या गावच्या धक्क्याला १९१४ साली याच दिवशी ‘कोमागाता मारू’ ही बोट लागली. बाबा गुरदित सिंगांनी भाड्याने घेतलेली ही जपानी बोट ३७६ प्रवासी घेऊन कॅनडाला गेली होती. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू होते. २३ मे रोजी ती व्हँकुव्हरच्या बंदरात शिरली आणि तिथेच दोन महिने अडकून पडली. मायदेशाहून वाटेत कुठेही न थांबता थेट आलेल्यालाच कॅनडात उतरता येईल, असा नियम होता आणि भारतातून अशी थेट बोटच नव्हती. पूर्वीपासून तिथे राहणारे काही जण आणि एका डॉक्टरचे कुटुंब सोडले, तर कुणालाही जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परत फिरली. ती बजबजला पोहोचेपर्यंत युरोपात महायुद्ध पेटले होते. सरकारने या लोकांना खास गाडीत कोंबून पंजाबात पाठवायचे ठरवले. बहुतेकांनी नकार दिला आणि ते कलकत्त्याच्या दिशेने चालू लागले. त्यांना अडवून परत आणले गेले आणि संध्याकाळी स्टेशनजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. वीसेक प्रवासी मेले. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिथे स्मारक उभे राहिले. आज त्या रेल्वे स्टेशनच्या नावातही ‘कोमागाता मारू’ आहे.

महाराष्ट्राने हा दिवस आपला मानावा, याला कारण आहे. या गोळीबारानंतर थोड्याच आठवड्यांत अमेरिकेतून क्रांतिकारक कर्तारसिंग सराभाबरोबर कलकत्त्याला उतरला, तो तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात तो फासावर गेला. पिंगळ्यांवर आपल्याकडे लिहिले गेले आहे, अजूनही लिहिले जायला हवे. आज मात्र या स्मृतिदिनी एका वेगळ्याच विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. तो विषय म्हणजे गोल्फ. अशा दिवशी गोल्फ कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ज्या उन्हाळ्यात अमेरिका खंडाचे एक दार या ३७६ माणसांवर बंद झाले, त्याच उन्हाळ्यात त्याच खंडाच्या दुसऱ्या दारातून एक मजुराचा पोर आत शिरत होता. त्या दाराचा बजबजशी धागा आहे, आणि पुण्याशीही.

त्याचे नाव वॉल्टर हेगन. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा, रेल्वेच्या कारखान्यातल्या लोहाराचा मुलगा. गावच्या क्लबात श्रीमंतांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा, म्हणजे कॅडी. पुढे तिथेच पगारी खेळाडू म्हणून लागला. २० आणि २१ ऑगस्ट १९१४ रोजी शिकागोजवळच्या मिडलोथियन क्लबावर त्याने अमेरिकेची ‘यूएस ओपन’ स्पर्धा एका फटक्याने जिंकली. वय २१, बक्षीस ३०० डॉलर. त्या दोन दिवसांत ‘कोमागाता मारू’ परतीच्या वाटेवर जपानच्या बंदरांत होती.

त्याआधीच्या वीस वर्षांत अमेरिकेत या स्पर्धा कशा उभ्या राहिल्या, हे पाहिले म्हणजे हेगनच्या विजयाचे मोल कळते. पहिली यूएस ओपन ४ ऑक्टोबर १८९५ ला न्यूपोर्टला झाली. शिडांच्या नौकांच्या शर्यतींमुळे ती पुढे ढकलली होती. प्रतिष्ठितांची हौशी स्पर्धा आधी आटोपली आणि मग पगारी नोकरांची ही स्पर्धा उरकून घेतली गेली. अकरा जण नऊ भोकांच्या मैदानाला एका दिवसात चार फेऱ्या मारून मोकळे झाले. होरेस रॉलिन्स हा त्याच क्लबातला तरुण इंग्रज मदतनीस जिंकला, त्याला १५० डॉलर मिळाले. १८९९ मध्ये ‘वेस्टर्न ओपन’ सुरू झाली. १९०४ मध्ये कॅनडाची ओपन आली, १९०५ मध्ये अर्जेंटिनाची. अर्जेंटिनातली पहिली स्पर्धा जिंकणारा मंगो पार्क हा स्कॉटलंडच्या प्रसिद्ध गोल्फ घराण्यातलाच. १९१० पर्यंत यूएस ओपनचा एकही विजेता अमेरिकेत जन्मलेला नव्हता. जवळजवळ सगळे इंग्लंड-स्कॉटलंडहून पोटासाठी आलेले.

यांतले कितीतरी जण एकाच किनाऱ्यावरचे होते. डंडी शहराच्या शेजारी कार्नूस्टी नावाचे लहानसे गाव आहे. या एका गावातून तीनशेच्या आसपास तरुण गोल्फचे पगारी शिक्षक म्हणून अमेरिकेत गेले, असे सांगतात. स्मिथ बंधू तिथलेच. विली स्मिथने १८९९ ची यूएस ओपन ११ फटक्यांच्या फरकाने जिंकली. तो फरक मोडायला २००० साल आणि टायगर वुड्स यावा लागला. अलेक्सने १९०६ आणि १९१० मध्ये ती जिंकली. विली पुढे मेक्सिको सिटीच्या क्लबात नोकरीला गेला, क्रांतीच्या धुमश्चक्रीत सापडला आणि परत आला नाही.

डंडी म्हणजे ताग, आणि ताग म्हणजे हुगळीचा काठ. डंडीच्याच आसपासची माणसे गिरण्यांचे मॅनेजर, ओव्हरसीअर, मिस्त्री म्हणून बंगालात आली. बजबजची ज्यूट मिल अँड्र्यू यूल या स्कॉटिश घराण्याच्या कारभाराखाली चालली. थोडक्यात, एका किनाऱ्यावरून निघालेली भावंडे दोन दिशांना गेली. एक न्यूपोर्ट-शिकागोच्या क्लबात साहेबांचा नोकर झाला, दुसरा बजबजच्या गिरणीत स्वतःच साहेब झाला. काठ्या दोघांच्याही सामानात होत्या.

आणि हुगळीकाठी हा खेळ अमेरिकेच्या कितीतरी आधीचा. कलकत्त्याच्या डमडमला १८२९ मध्ये निघालेला गोल्फ क्लब, आजचा रॉयल कलकत्ता, हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा क्लब १८४२ चा. १८९२ मध्ये कलकत्त्यात हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, म्हणजे न्यूपोर्टच्या तीन वर्षे आधी. आधी आलेल्या खेळाने आधी खेळाडू घडवायला हवे होते. तसे घडले नाही, कारण कलकत्त्याची ती स्पर्धा साहेबांची होती. पिशव्या उचलायला, गवत कापायला, झुडपांत हरवलेला चेंडू शोधायला बंगाल-बिहारचे हात चालत. त्या हातात काठी मात्र खेळायला दिली जात नव्हती. खेळून पैसे मिळवणारा माणूस ही कल्पनाच या क्लबांना नको होती, आणि तो माणूस काळा असेल ही तर त्याहून नको होती.

अमेरिकेतल्या क्लबांची मने काही फार मोठी होती असे नाही. तिथेही पगारी खेळाडूला क्लबहाउसच्या मुख्य दाराने प्रवेश नव्हता. तो कपडे बदलायचा तो दुकानात किंवा तबेल्यात. १९२० साली टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबाने यूएस ओपनच्या वेळी ते दार उघडले, तेव्हा खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. तरीही महायुद्धापूर्वीच्या अमेरिकेने एक गोष्ट केली, जी कलकत्त्याने केली नाही. वर्षातून एकदा का होईना, मालक आणि नोकर यांचे फटके एकाच कागदावर मांडले. ‘ओपन’ या स्पर्धेचे सारे बळ एवढ्यातच होते. एकदा आकडे शेजारी शेजारी आले, की कोण कुणापेक्षा चांगले खेळतो हे लपवता येत नाही.

मग १९११ साली शिकागोत जॉन मॅकडरमॉट जिंकला. फिलाडेल्फियाच्या पोस्टमनचा मुलगा, कॅडी, वय १९. यूएस ओपन जिंकणारा तो पहिला अमेरिकी, आणि त्याच्याइतका लहान विजेता त्या स्पर्धेला आजवर मिळालेला नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा जिंकला. १९१३ मध्ये ब्रुकलाइनच्या मैदानासमोर राहणाऱ्या फ्रान्सिस विमेट या विशीतल्या हौशी पोराने हॅरी वार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या दिग्गजांना हरवले. त्याचा बाप माळीकाम, मोलमजुरी करणारा. विमेट स्वतःही याच मैदानावर कॅडी होता आणि त्या दिवशी त्याची पिशवी उचलली ती एडी लॉरी या दहा वर्षांच्या मुलाने. पुढच्या वर्षी हेगन. चार वर्षे, तीन विजेते, तिघेही कॅडी. मॅकडरमॉटची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. शेअरमध्ये पैसे बुडाले, १९१४ मध्ये बोटीचा अपघात झाला, त्याच वर्षी मन कोलमडले आणि पुढचे आयुष्य मनोरुग्णालयांत गेले. १९७१ पर्यंत तो जगला. ज्या मुलाने दार फोडले, त्याच्याकडे त्या खेळाने वळून पाहिले नाही.

आणि हे दार सर्वांना उघडे नव्हते. १८९६ ची यूएस ओपन शिनेकॉक हिल्सला होती. १६ वर्षांचा कृष्णवर्णीय जॉन शिपन आणि शिनेकॉक जमातीचा ऑस्कर बन यांची नावे यादीत पाहून इतर पगारी खेळाडूंनी आम्ही खेळणार नाही असे कळवले. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी सांगितले, की मग स्पर्धा फक्त या दोघांची होईल. सगळे निमूट खेळले. पहिल्या फेरीअखेर शिपन आघाडीच्या अगदी जवळ होता. दुसऱ्या फेरीत एका भोकावर त्याला ११ फटके लागले आणि तो मागे पडला, तरी अखेर सहावा आला. कुणी तरी ठाम उभे राहिले तर काय होते, हे १८९६ ने दाखवले. कुणी उभे राहिले नाही तर काय होते, तेही त्याच देशाने दाखवले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेने १९३४ मध्ये सभासदत्व फक्त गोऱ्यांना अशी अट घटनेत लिहिली आणि ती १९६१ पर्यंत राहिली. व्हँकुव्हरच्या बंदरातला नियम आणि ही अट एकाच शाईने लिहिलेल्या आहेत. मजुराच्या पोराला आत घेणारी अमेरिका रंग पाहूनच आत घेत होती.

मराठी वाचकाला शिपनची गोष्ट ओळखीची वाटेल, कारण त्याच वर्षांत ती पुण्यात क्रिकेटच्या मैदानावर घडत होती. पळवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. फलंदाजी साहेबांनी करायची. पुढे हिंदूंच्या संघाने या चांभाराच्या मुलाला घेतले ते गरजेपोटी, आणि घेतल्यावरही चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा, मातीचा, तंबूबाहेर. १९११ साली, म्हणजे मॅकडरमॉट शिकागोत जिंकला त्याच वर्षी, पहिल्या अखिल भारतीय संघातून बाळू इंग्लंडला गेले आणि त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही भांडणतंट्यानंतर. साहेबाच्या क्लबाने बाळूंना नोकर मानले, आपल्या माणसांनी अस्पृश्य मानले. बजबजच्या धक्क्यावर साहेबाकडे बोट दाखवताना आपले हे पाप विसरता येणार नाही.

कलकत्त्याच्या क्लबांतल्या पिशवी उचलणाऱ्यांची पाळी यायला फार वर्षे गेली. इंडियन ओपन सुरू झाली १९६४ मध्ये. १९६५ ला ती पी. जी. सेठी या हौशी भारतीयाने जिंकली, पण खेळावर पोट असलेला भारतीय विजेता व्हायला १९९१ उजाडले. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर जिंकला. १९९८ मध्ये कलकत्त्याचा फिरोज अली जिंकला, तोही कॅडीच होता. रॉयल कलकत्त्यावर गवताची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया सभासदांचे पाहून पाहून शिकला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला पुरुषांच्या स्पर्धेत भारताकडून जे दोघे गोल्फर गेले, त्यांत एक चौरसिया आणि दुसरा पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी. त्याच वर्षी १८ मे रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत उभे राहून ‘कोमागाता मारू’बद्दल माफी मागितली.

अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीयही कलकत्त्याच्याच मैदानांवर शिकलेला. २२ ऑगस्ट २०१० रोजी अर्जुन अटवालने ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकली. अटवालला त्या स्पर्धेत थेट प्रवेश नव्हता, सोमवारच्या पात्रता फेरीतून तो आत आला होता. अटवाल संपन्न घरातला, कॅडी नव्हे. तरी ज्या खंडाच्या किनाऱ्यावरून ३७६ जण परत पाठवले गेले, तिथल्या पाटीवर सर्वांत वर एका शीख घरातल्या मुलाचे नाव लागले. ‘ओपन’ दाराची ती ताकद आहे.

म्हणून आज मागणे आहे ते आपल्या क्लबांकडे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या गोल्फ मैदानांवर पहाटेपासून शेकडो कॅडी राबतात. त्यांतल्या अनेक मैदानांखालची जमीन सरकारची किंवा लष्कराची आहे, म्हणजे तुमची-आमची. या मुलांना आठवड्यातला एक दिवस मैदान मोकळे द्या, जुन्या काठ्या द्या, आणि वर्षातून एक स्पर्धा अशी घ्या की तिच्यात सभासद आणि कॅडी यांचे फटके एकाच कागदावर लिहिले जातील. राज्य संघटनेने त्या स्पर्धेला पळवणकर बाळूंचे नाव द्यावे. आणि कलकत्त्याला जाणाऱ्या मराठी माणसाने सियालदहहून बजबजची लोकल पकडावी. स्टेशनपासून स्मारक दूर नाही.